स्पीकरचा व्हॉल्यूम खरखरतोय? स्प्रे मारण्याआधी हे वाचा

गणपतीच्या आठ दिवस आधी माळ्यावरचं होम थिएटर खाली येतं. आरती लावावी तर नॉब फिरवताच खर्रर्र, नाहीतर एका बाजूचा आवाज गायब. बेळगाव असो, खानापूर असो की निपाणी, बहुतेक घरांत यावर ठरलेला इलाज एकच: नॉबच्या फटीतून हाताला येईल तो स्प्रे मारायचा. दोन दिवस बरं चालतं आणि विसर्जनाच्या आत पुन्हा तेच, वर नॉब सैल झालेला. मग कुणीतरी पॉट (नॉबखालचा, आवाज कमी-जास्त करणारा भाग) बदलतो, तरी खरखर जात नाही, कारण दोष पॉटमध्ये नव्हताच.

म्हणून या लेखात दुरुस्तीपेक्षा तपासणीला जागा जास्त दिली आहे. क्रम असा: आधी लक्षण, मग डाख (सोल्डरचे जोड), मग सफाई, मग मोजणी आणि अगदी शेवटी बदली. मधली पायरी गाळून पुढं गेलात तर मागं यावंच लागतं.

हे सगळं २.१ किंवा ४.१ प्रकारच्या होम थिएटरला, जुन्या अॅम्प्लिफायरला आणि टेबलावरच्या वीजजोडणीच्या स्पीकरला लागू आहे. खिशात मावणाऱ्या, प्लस-मायनस बटणांच्या ब्लूटूथ स्पीकरचा इथं विषय नाही.

## ०. आधी नॉबची जात ओळखा

नॉब हातानं सावकाश फिरवा. दोन्ही टोकांना अडत असेल, म्हणजे साधारण पाऊण फेऱ्याच्या आसपास थांबत असेल, तर आत पॉट आहे. कार्बनची पट्टी आणि तिच्यावर घासत जाणारी धातूची जीभ, एवढंच त्याचं यंत्र.

कितीही फिरवला तरी अडत नसेल आणि बारीक टिक-टिक जाणवत असेल, तर तो रोटरी एन्कोडर, म्हणजे किती फिरवलं त्याचा नुसता इशारा देणारा भाग. रिमोटवाल्या बऱ्याच सेटमध्ये हाच असतो. त्याचं दुखणं वेगळं असतं, त्याबद्दल शेवटाकडं लिहिलं आहे.

वीज न लागणाऱ्या मोठ्या टॉवर स्पीकरच्या मागं ट्रेबल कमी-जास्त करायचा नॉब असेल, तर तो तारेच्या वेटोळ्यांचा एल-पॅड असतो. त्यातून स्पीकरची पूर्ण ताकद जाते. तो साफ करता येतो, पण त्याच्या जागी साधा कार्बन पॉट बसवलात तर जळेल.

सावधान: नॉब सुरुवातीला ‘कट्’ करून सेट चालू होत असेल, तर पॉटच्या पाठीला स्विच आहे. जुन्या रेडिओत आणि अॅम्प्लिफायरमध्ये या स्विचमधून थेट २३० व्होल्ट जातात. नॉब बंद असला तरी त्याच्या एका पायावर (जोडणीच्या पिनवर) मेन्स जिवंत असते. असा सेट उघडायचा तर आधी प्लग भिंतीतून काढायचा. नुसतं बटण बंद केलेलं चालत नाही.

## १. उघडण्याआधीची पाच मिनिटं

स्क्रू ड्रायव्हर अजून लांबच ठेवा. गाणं लावा, नंतर थांबवा, आणि नॉबशी जरा खेळून पाहा. बहुतेक निदान इथंच होतं.

फक्त फिरवतानाच खरखर, हात काढला की शांत. पट्टीवर मळ आहे, नाहीतर पट्टी झिजली आहे. सफाईनं जायची शक्यता चांगली.

नॉब न फिरवता नुसता बाजूला दाबला किंवा उचलला तरी आवाज जातो-येतो. हा डाख तुटल्याचा प्रकार. स्वस्त सेटमध्ये पॉटला नट नसतो. नॉबवर पडलेला सगळा जोर बोर्डावरच्या डाखांनी सोसायचा असतो, आणि कधीतरी ते तडकतात. स्प्रेचा इथं काडीचा उपयोग नाही. माझ्या मते वाया गेलेल्या दुरुस्त्यांमध्ये सगळ्यांत मोठा वाटा याच प्रकाराचा असतो.

व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी आवाज पूर्ण. पॉटचा ग्राउंडचा पाय सुटला आहे.

एकाच बाजूचा आवाज अधूनमधून जातो. स्टिरिओ पॉटमध्ये दोन पट्ट्या असतात, त्यातल्या एकीचा दोष असू शकतो. पण आधी मागच्या डाव्या-उजव्या वायरी अदलाबदल करा. गप्प बाजू तीच राहिली तर दोष त्या स्पीकरात किंवा त्याच्या वायरीत आहे. गप्पपणा दुसऱ्या बाजूला गेला तर दोष सेटच्या आत आहे.

नॉबला बोट लावलं की घूंऽऽ. पॉटच्या धातूच्या अंगाला जोडलेली अर्थची तार निसटली आहे.

नॉबला हात न लावताच खरखर येते. मग नॉबला दोष देऊ नका. पेनड्राइव्ह, ब्लूटूथ आणि ऑक्स असे तिन्ही लावून पाहा. एकावरच येत असेल तर ती त्या जोडणीची भानगड. हेस्कॉमचं (इथल्या वीज कंपनीचं) व्होल्टेज कमी-जास्त होतंय म्हणून नॉब खरखरतो, हा समजही इथंच सोडून द्या. त्यानं घरघर वाढेल, सेट बंद-चालू होईल, पण फिरवतानाची खरखर त्यातून येत नाही.

दिसलेलं लक्षण कागदावर लिहा. व्हॉल्यूम, बास, ट्रेबल, सबवूफर अशा प्रत्येक नॉबचं वेगळं.

## २. सामान

स्क्रू ड्रायव्हर, मल्टिमीटर, २५ ते ३५ वॅटचा सोल्डरिंग आयर्न, ६०/४० सोल्डर, फ्लक्स (डाख नीट धरावा म्हणून लावायचा लेप), डिसोल्डर पंप (वितळलेलं सोल्डर ओढून घेणारा), छोटा निपर (तार कापायची पक्कड), स्क्रू ठेवायला वाट्या. शिवाय १०० ओहम ५ वॅटचा एक रेझिस्टर आणि सिरीज बोर्ड, म्हणजे सेटच्या विजेच्या वाटेत बल्ब जोडलेला बोर्ड. सिरीजला ६० किंवा १०० वॅटचा तारेचा जुना बल्बच हवा, एलईडी चालत नाही.

आता क्लीनर. डब्यावर ‘कॉन्टॅक्ट क्लीनर’ लिहिलेलं असावं आणि प्लास्टिकला चालतो असंही लिहिलेलं असावं. डब्ल्यूडी-४० चा नेहमीचा डबा बिजागऱ्या-कुलपांसाठी आहे. तो तेलकट थर मागं ठेवतो. त्याच नावानं कॉन्टॅक्ट क्लीनर वेगळा मिळतो, तो मागा. वडगाव-शहापुरात विणकामाच्या मागासमोर राहणाऱ्यांना सुताची बारीक धूळ घरात कुठवर शिरते ते सांगायला नको. निपाणीकडं तंबाखूची धूळ आहे. तेलकट पट्टीवर हे सगळं चिकटून महिन्याभरात काळा लगदा होतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मिळालाच नाही तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल चालेल. पेट्रोल, थिनर, रॉकेल, खोबरेल आणि सॅनिटायझर यांतलं काहीही नको. सॅनिटायझरमध्ये पाणी आणि बहुतेकदा ग्लिसरीन असतं.

## ३. उघडणं आणि साठलेली वीज काढणं

गाणं चालू असतानाच भिंतीतला प्लग काढा. आवाज विरत जाईल, म्हणजे मोठ्या कपॅसिटरमधली (वीज साठवणाऱ्या भागातली) बरीचशी वीज स्पीकरमार्गे गेली. मग नॉब काढा. नॉब नुसते दाबून बसवलेले असतात. मागून दोन बाजूंनी जाड दोरा किंवा फडक्याची पट्टी घालून सरळ ओढा. स्क्रू ड्रायव्हरनं उचकटाल तर पॅनेलवर ओरखडा राहील आणि पॉटचा डाखही तडकेल. कडेला बारीक स्क्रू दिसला तर आधी तो सैल करा. नॉबखाली नट असेल तर तो बहुधा १० मिलिमीटर पान्याचा असतो.

मागची पाटी काढताना स्क्रू ज्या क्रमानं निघतील त्याच क्रमानं ठेवा. लांब स्क्रू आखूड भोकात गेला की बोर्डाला भिडतो. पाटी झटक्यात ओढू नका, सबवूफरच्या वायरी आतून ताणलेल्या असतात. प्रत्येक जोडणी सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, एक लांबून आणि एक जवळून.

तपासा: ट्रान्सफॉर्मरवाल्या सेटमधल्या मोठ्या कपॅसिटरवर, उदाहरणार्थ ४७०० मायक्रोफॅरड २५ व्होल्ट, डीसी व्होल्टेज मोजा. २ व्होल्टपेक्षा जास्त असेल तर १०० ओहमचा रेझिस्टर त्याच्या दोन पायांना काही सेकंद टेकवा आणि पुन्हा मोजा. स्क्रू ड्रायव्हरनं शॉर्ट करून ठिणगी पाडण्यात मर्दुमकी नाही, त्यात बोर्डावरचा तांब्याचा ट्रॅक उडतो.

सावधान: जड ट्रान्सफॉर्मर नसेल आणि ४०० किंवा ४५० व्होल्ट लिहिलेला उभा कपॅसिटर दिसला, तर तो स्विचिंग सप्लाय आहे, म्हणजे जड ट्रान्सफॉर्मरशिवाय चालणारा वीजपुरवठा. प्लग काढल्यावरही त्यात ३२५ व्होल्टपर्यंत राहू शकतात. त्या भागाला हात लावू नका. अशा कामाची सवय नसेल तर इथंच थांबा आणि सेट मेकॅनिककडं न्या.

## ४. डाख पाहा

पॉटचा बोर्ड उलटा करा. चांगल्या उजेडात, मोबाइलचा कॅमेरा झूम करून, एकेक पाय बघा. पायाभोवती बारीक काळी गोल रेघ दिसली की डाख तुटलेला. दिसत नसेल तर दांडा हलकेच हलवत बघा, सुटा पाय डाखाच्या आत हलतो.

प्रत्येक पायावर थोडं फ्लक्स लावा, आयर्न टेकवा आणि थोडं नवीन सोल्डर घाला. दोन-तीन सेकंद पुरे. जुनं सोल्डर नुसतं वितळवून सोडलं तर काही महिन्यांत पुन्हा तडकतं. पॉटचं अंग धरून ठेवणारे दोन जाड पायही विसरू नका. जोर तेच घेतात, आणि त्यांना उष्णताही जास्त लागते.

पायरी १ मध्ये ‘दाबल्यावर आवाज जातो’ असं लिहिलं असेल तर आता पायरी ८ प्रमाणं सेट चालू करून बघा. काम झालं असेल तर पुढचं करू नका.

## ५. सफाई

पॉटच्या पायांच्या वर, पत्र्याच्या आणि तपकिरी पाटीच्या मध्ये, एक फट असते. क्लीनरची नळी तिथं लावायची. एक छोटा फवारा मारा, मग दांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत पंचवीस-तीस वेळा फिरवा. मधल्या मध्ये हलवून उपयोग नाही, कारण मळ टोकांना ढकलला जाऊन तिथंच राहतो. दुसरा फवारा मारून पुन्हा तेवढंच फिरवा. दोन पट्ट्यांचा पॉट असेल तर दोन्ही फटींत.

इथं होणाऱ्या तीन चुका:

दांड्याच्या बाजूनं फवारा मारणं ही पहिली. दांड्याला जाड ग्रीस असतं, नॉब फिरवताना जो मऊसर जडपणा लागतो तो त्याचा. फवाऱ्यानं ते विरघळून पट्टीवर उतरतं. नॉब भिंगरीसारखा सैल आणि पट्टी चिकट, असं दुहेरी नुकसान होतं.

दुसरी, सेट चालू ठेवून फवारणं. बरेच क्लीनर पेटतात. शिवाय ओलाव्यात नेमकं काय झालं ते कळतही नाही.

तिसरी घाई. उघडा ठेवून पंख्याखाली निदान अर्धा तास वाळू द्या. जांबोटी-कणकुंबीकडं पावसाळ्यात कपडेसुद्धा वाळत नाहीत, तिथं रात्रभर ठेवा. हेअर ड्रायरची गरम हवा नको.

तपासा: वाळल्यावर सेट चालू करा, गाणं न लावता नॉब फिरवा. शांत असेल तर पायरी ८. थोडी खरखर उरली असेल तर एकदाच पुन्हा सफाई करा. तिसऱ्यांदा करू नका, पुढं जा.

## ६. मोजणी

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात.

पट्टी मोजा, प्लग काढून. मीटर २०० के ओहमवर (के म्हणजे हजार). दांडा आपल्याकडं आणि पाय खाली धरले की डावा पाय १, मधला २, उजवा ३. पाय १ आणि ३ मध्ये पॉटची एकूण किंमत, म्हणजे ओहममधला रोध, दिसते. ५० केचा पॉट ४० ते ६० के दाखवत असेल तर ठीक, एवढा फरक कारखान्यातूनच येतो. आता १ आणि २ मध्ये मोजत दांडा सावकाश फिरवा. आकडा शून्याजवळून सुरू होऊन न अडखळता चढत गेला पाहिजे. मध्येच एकदम अनंत झाला तर तिथं पट्टी संपली आहे. सफाईनं कार्बन परत येत नसतो.

ए अक्षराचा (व्हॉल्यूमसाठीचा) पॉट मध्यावर निम्मी किंमत दाखवत नाही. ए५०के मध्यावर पाच ते दहा केच्या आसपास असतो. कानाला आवाज समान वाढतोय असं वाटावं म्हणून तो तसा बनवलेला असतो. यालाच बिघाड समजून चांगले पॉट फेकले जातात. बोर्डावर असताना शेजारचे घटकही मोजणीत येतात, तेव्हा आकडा कमी दिसला तर एक पट्टी दुसरीशी ताडून बघा. दोन्ही सारख्या असतील तर बहुधा ठीक.

डीसी मोजा, सेट चालू ठेवून. ट्रान्सफॉर्मरवाल्या सेटपुरतंच हे करा. मेन्सचा भाग आधी पुठ्ठ्यानं झाकून घ्या आणि एक हात पाठीमागं ठेवा. मीटर डीसीच्या लहान रेंजवर लावून पाय १ आणि ३ मध्ये, मग १ आणि २ मध्ये मोजा. काही मिलिव्होल्ट चालतात. शेकड्यांत आकडा आला तर पॉटच्या आधीचा किंवा नंतरचा कपलिंग कपॅसिटर (डीसी अडवून फक्त आवाज पुढं जाऊ देणारा) गळतोय. तो बहुतेक १ ते १० मायक्रोफॅरडचा छोटा इलेक्ट्रोलिटिक असतो. पट्टीवरून डीसी वाहू लागली की नवाकोरा पॉटही खरखरतो. ‘तीन पॉट बदलले तरी तेच’ असं म्हणणाऱ्यांचा रोग हाच. तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा कपॅसिटर बसवा. उणे खुणेची पट्टी पूर्वी होती त्याच बाजूला ठेवा.

एक अपवाद आहे. तीनच पायांचा पॉट असून १ आणि ३ मध्ये नीट ५ व्होल्ट किंवा ३.३ व्होल्ट दिसले, तर तो आवाजाच्या वाटेवर नाही. तो आयसीला नुसता इशारा देतो. तिथं व्होल्टेज असणंच बरोबर. असा पॉट खराब झाला की खरखरण्याऐवजी आवाज उड्या मारतो.

## ७. बदली

पट्टी तुटल्याचं मोजून कळलं असेल तरच इथं या.

जुना पॉट काढा आणि सोबत घेऊनच दुकानात जा. ‘होम थिएटरचा व्हॉल्यूम द्या’ म्हटलं तर हाताला येईल तो मिळेल. जुळवायचं ते असं: किंमत (१० के, २० के, ५० के, १०० के), अक्षर, पायांची संख्या, पाय सरळ की वाकडे, आणि दांड्याची लांबी व जात, म्हणजे दातेरी की एका बाजूनं सपाट. अलीकडच्या मालावर ए म्हणजे व्हॉल्यूमसाठीचा आणि बी म्हणजे सरळ चढणारा. व्हॉल्यूमला बी लावला तर पहिल्या पाव फेऱ्यातच आवाज अंगावर येतो आणि उरलेल्या फेऱ्यात फारसं काही होत नाही. काही स्वस्त सेट कारखान्यातूनच बी घालून येतात. तिथं ए बसवलात तर सुधारणाच समजा. बास-ट्रेबलला मात्र बहुधा बीच असतो, तिथं जे होतं तेच ठेवा.

दांडा लांब निघाला तर हॅकसॉनं कापा, पण बसवण्याआधी. व्हाइसमध्ये दांडा धरा. पॉटचं अंग धरलंत तर दांडा आतून सुटतो.

काढताना नवख्या हातानं सहा पाय एकदम वितळवायचा नाद करू नये. निपरनं पाय बोर्डाच्या वर एकेक कापा, पॉट बाजूला करा, मग उरलेले तुकडे एकेक गरम करून काढा. भोकं साफ करायला आधी थोडं नवं सोल्डर घाला, मग पंप मारा. जुना पॉट मोडला तर मोडू दे, बोर्डाचा ट्रॅक उचलला जाता कामा नये. उचललाच गेला तर तो ट्रॅक पुढं ज्या पायाला जातो तिथपर्यंत बारीक तार टाका.

वायरीवर लोंबणारा पॉट असेल तर पाय १ ग्राउंड, २ बाहेर, ३ आत. उलट जोडलात तर नॉब उलटा चालेल. अंगाची अर्थ तार पुन्हा लावायला विसरू नका. पत्रा आधी खरवडून घ्या, नाहीतर तिथं डाख धरत नाही.

### एन्कोडर असेल तर

आवाज वाढवताना मध्येच कमी होतो, किंवा दोन टिक फिरवल्यावर एक पाऊल जातो, हे मळाचं लक्षण. सफाई पायरी ५ सारखीच, दोन्ही दिशांना भरपूर फिरवून. गेलाच तर बदलताना पायांची संख्या बघा. फिरण्याचे तीन आणि दाबायचं बटण असेल तर आणखी दोन. इथं केचा किंवा ए-बीचा प्रश्न येत नाही. नवा बसवल्यावर उलटा चालला तर कडेच्या दोन पायांची अदलाबदल करा, मधला तसाच ठेवा.

## ८. पुन्हा जोडणी आणि पहिली चालू

फोटो बघत जोडण्या लावा. पाटी अजून बंद करू नका. आत सोल्डरचा थेंब, कापलेला पाय, सुटा स्क्रू राहिलेला नाही ना, सेट तिरपा करून ऐका.

व्हॉल्यूम शून्यावर ठेवून सेट सिरीज बोर्डावर लावा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भगभगीत पेटून तसाच राहिला तर लगेच प्लग काढा, कुठंतरी शॉर्ट आहे. बल्बवर असताना मोठा आवाज देऊ नका. व्होल्टेज कमी पडून सेट गुदमरतो आणि नसलेला दोष दिसायला लागतो.

सगळं ठीक असेल तर थेट लाईनवर घ्या आणि या क्रमानं बघा: गाण्याशिवाय नॉब पूर्ण फेरा; हळू आवाजात डावी-उजवी बाजू सारखी आहे का; नॉब दाबून-हलवून; नॉबला बोट लावून. हळू आवाजात एक बाजू किंचित कमी वाटणं स्वस्त दुहेरी पॉटमध्ये चालायचंच. मध्यावर गेल्यावरही फरक राहिला तर डाख पुन्हा बघा.

मग पाटी बंद करा. नट असेल तर बेताचाच पिळा. नॉब बसवताना पॅनेल आणि नॉब यांत कागदाच्या जाडीइतकी फट ठेवा. नॉब घासत राहिला की प्रत्येक फेऱ्याचा जोर पुन्हा त्याच डाखांवर येतो.

पुढचे आठ-दहा दिवस रोज एकदा नॉब टोकापासून टोकापर्यंत फिरवा. नुसती सफाई केली होती आणि खरखर एवढ्यात परत आली, तर स्प्रेचा डबा पुन्हा काढू नका. सरळ पायरी ६ मधली मोजणी करा.